बॅटरीशिवाय बोलणारा रेडिओ: क्रिस्टल सेटपासून दोन ट्रान्झिस्टरपर्यंत

इलेक्ट्रॉनिक्स शिकायला सुरुवात करणाऱ्याने पहिला रेडिओ मध्यम लहरींचा, म्हणजे मीडियम वेव्हचाच करावा. एफएमच्या सर्किटमध्ये अर्ध्या इंचाची तार इकडची तिकडे झाली तरी सगळं बिघडतं, आणि नवख्याला चूक कुठे झाली ते कळत नाही. मीडियम वेव्ह त्या मानाने सोशीक आहे. इथे दिलेला सेट दोन टप्प्यांत होतो. पहिल्या टप्प्यात बॅटरी नाही, ट्रान्झिस्टर नाही. नुसती कॉइल, गँग कंडेन्सर (स्टेशन जुळवायला फिरवायचा कंडेन्सर), डायोड आणि इअरफोन. यालाच क्रिस्टल सेट म्हणतात. तो बोलू लागला की दुसऱ्या टप्प्यात त्यावर दोन ट्रान्झिस्टर चढवायचे. हा क्रम मोडू नका. दोन्ही टप्पे एकदम जोडले आणि आवाज आला नाही, तर दोष शोधायला पंधरा जागा असतात. टप्प्याटप्प्याने केलं तर तीन-चारच.

आधी तुमच्या गावात लहर आहे का ते पाहा

हे काम सोल्डरिंग आयर्न गरम करण्याआधीचं. गेल्या काही वर्षांत आकाशवाणीचे बरेच मीडियम वेव्ह प्रक्षेपक बंद झाले आहेत. म्हणून कुणाकडूनही मीडियम वेव्ह असलेला साधा ट्रान्झिस्टर रेडिओ मागून आणा आणि भर दुपारी लावून पाहा. दुपारीच, कारण रात्री लांबची स्टेशनं वातावरणाच्या वरच्या थरांवरून परावर्तित होऊन येतात आणि फसगत होते. आपल्याकडच्या ओळखीच्या जागा अशा: मुंबई ५५८ आणि १०४४ किलोहर्ट्झ, पुणे ७९२, नागपूर ५८५, जळगाव ९६३, सांगली १२५१, पणजी १२८७. कोल्हापूर, नाशिक, सातारा ही केंद्रं एफएमवर आहेत. ती या सेटवर येणार नाहीत.

साध्या रेडिओवर अर्ध्या आवाजात स्टेशन स्वच्छ ऐकू आलं तर बाहेर अँटेना टाकून क्रिस्टल सेट चालेल. कान लावून, रेडिओ फिरवून फिरवूनच ऐकू येत असेल तर पहिला टप्पा तुमच्याकडे गप्प राहील, हे आधीच धरून चाला. मालाडच्या किंवा हडपसरच्या प्रक्षेपकाच्या आसपास राहणाऱ्यांचं काम चार-पाच मीटर तारेतही होतं. चाळीस किलोमीटरवर मात्र चांगली लांब, उंच अँटेना हवीच.

या सेटला ऊर्जा मिळते ती फक्त अँटेनात उतरलेल्या लहरीतून. त्यामुळे अँटेना, अर्थ (म्हणजे जमिनीशी जोडणी) आणि कॉइल या तिघांवर जितकी मेहनत घ्याल तितका आवाज येतो. महाग डायोड आणून ही कसर भरून निघत नाही.

सामान

वाइंडिंग वायर, म्हणजे एनॅमल चढवलेली तांब्याची तार, २६ गेजची, ५० ग्रॅम. ही मोटार रिवाइंडिंगच्या दुकानात वजनावर मिळते. ५० ग्रॅमात ३० मीटरहून जास्त तार येते आणि लागते १६ मीटर, त्यामुळे एखादी कॉइल वाया गेली तरी चालतं. बाहेरून ५० मिलिमीटर व्यासाच्या पीव्हीसी पाइपचा १० सेंटिमीटरचा तुकडा. प्लंबरकडे असे तुकडे पडलेलेच असतात.

गँग कंडेन्सर एक. जुन्या व्हॉल्व्ह रेडिओतला ॲल्युमिनियमच्या पात्यांचा मिळाला तर उत्तम. त्याच्या एका भागाची क्षमता ३६५ ते ५०० पिकोफॅरड असते. नसेल तर पॉकेट रेडिओतला छोटा चौकोनी पीव्हीसी गँग घ्या. त्याचे एएमचे दोन भाग समांतर जोडले की साधारण २०० ते २२० पिकोफॅरड मिळतात.

जर्मेनियम डायोड, ओए ७९ किंवा १एन ३४ए, दोन घ्या. क्रिस्टल इअरफोन, किंवा तो नाहीच मिळाला तर २७ मिलिमीटरची पिएझो चकती. ४७ किलोओहमचा रेझिस्टर, ४७० पिकोफॅरडचा सिरॅमिक कंडेन्सर. पाच-सहा क्रोकोडाइल क्लिप, १५ × २० सेंटिमीटरची प्लायवूडची फळी, पितळी स्क्रू. अँटेनासाठी १५ मीटर साधी प्लास्टिक चढवलेली वायर आणि नायलॉनची दोरी.

दुसऱ्या टप्प्यासाठी बीसी ५४७ ट्रान्झिस्टर दोन. रेझिस्टर १ मेगाओहम, ४.७ किलोओहम आणि २२० ओहम प्रत्येकी एक, ०.१ मायक्रोफॅरडचा एक कंडेन्सर. १०० मायक्रोफॅरडचे दोन इलेक्ट्रोलिटिक. दोन पेन्सिल सेल आणि त्यांचा होल्डर. रेझिस्टर सगळे पाव वॅटचे. मुंबईत लॅमिंग्टन रोडला आणि पुण्यात बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत हे एका फेरीत होतं. दुकानदार जर्मेनियमच्या नावाखाली साधा सिलिकॉन डायोड हातात देण्याची शक्यता असते, म्हणून मल्टिमीटर सोबत न्या. मल्टिमीटर डायोडच्या खुणेवर ठेवून मोजल्यावर जर्मेनियम ०.२ ते ०.३५ व्होल्टच्या आसपास दाखवतो, सिलिकॉन ०.५५ ते ०.७. तुमच्या अँटेनावर येणारा सिग्नल मुळात इतका लहान असतो की सिलिकॉनचा उंबरा तो ओलांडतच नाही. लहरीतून आवाज वेगळा काढायचा, म्हणजे डिटेक्टरचं काम डायोड करतो. या कामासाठी स्फटिक वापरण्याची कल्पना बरीच जुनी आहे. १९०४ साली जगदीशचंद्र बोस यांना अमेरिकेत ज्या डिटेक्टरचं पेटंट मिळालं, त्यात गॅलेना हे शिशाचं खनिज होतं. ‘क्रिस्टल सेट’ हे नाव अशाच खनिज स्फटिकांमुळे पडलं.

कॉइल

इथे घाई केलेली नंतर सगळीकडे नडते. पाइपच्या दोन्ही टोकांपासून एकेक सेंटिमीटर आत, शेजारी शेजारी दोन-दोन बारीक भोकं पाडा. तारेचं टोक एका भोकातून आत, दुसऱ्यातून बाहेर असं ओवून घट्ट करा आणि १५ सेंटिमीटर तार मोकळी सोडा. हे सुरुवातीचं टोक. त्याला ‘शून्य’ म्हणू.

आता १६-१७ मीटर तार उलगडून तिचं दुसरं टोक खिडकीच्या गजाला बांधा. पाइप दोन्ही हातांत धरून, तार ताणलेली ठेवून, पाइप फिरवत फिरवत खिडकीकडे सरकत जा. रीळ मांडीवर घेऊन गुंडाळण्यापेक्षा हे कितीतरी सोपं पडतं, कारण ताण एकसारखा राहतो आणि वेढे आपोआप एकमेकांना चिकटून बसतात. वेढ्यावर वेढा चढू देऊ नका. मध्येच थांबायचं असेल तर तिथे सेलोटेप लावा. हात सुटला की कॉइल स्प्रिंगसारखी उसवते.

दर दहा वेढ्यांनंतर, म्हणजे १०, २०, ३०, ४० आणि ५० वर, तारेचा दोन सेंटिमीटरचा फास काढून त्याला तीन-चार पीळ द्या आणि पुढे गुंडाळत राहा. या फासांना टॅप म्हणतात. ते एका रेषेत न घेता प्रत्येक वेळी थोडे बाजूला घ्या, नाहीतर क्लिप एकमेकींना टेकतात. पात्यांचा मोठा गँग असेल तर ८० वेढ्यांवर संपवा. छोटा पीव्हीसी गँग असेल तर १०० पर्यंत जा. ८० वेढ्यांचं इंडक्टन्स साधारण २५५ मायक्रोहेन्री भरतं आणि १०० वेढ्यांचं ३४५. गँगची क्षमता कमी असेल तर कॉइल मोठी हवी, एवढाच त्यातला हिशोब. पूर्ण झाल्यावर तीन-चार ठिकाणी पारदर्शक नेलपॉलिशची आडवी रेघ ओढा.

मग तारेवरचं एनॅमल काढायचं. मोटारीच्या तारेचं एनॅमल उष्णता सोसणारं असतं. सोल्डरिंग आयर्नने ते जळत नाही. दोन्ही टोकं आणि प्रत्येक टॅप ब्लेडने किंवा बारीक पॉलिशपेपरने चारही बाजूंनी खरवडा, तांबूस-गुलाबी चकाकी दिसेपर्यंत. वरून तांब्यासारखी दिसणारी तारही अजून एनॅमलखालीच असू शकते. पिळाच्या आतल्या बाजूलाही पेपर फिरवा आणि लगेच सोल्डर चढवा. न चालणाऱ्या सेटमध्ये सगळ्यांत जास्त वेळा सापडणारा दोष हाच. शून्यापासून शेवटच्या टोकापर्यंत मल्टिमीटरने दीड-दोन ओहम दाखवले पाहिजेत. काहीच दाखवत नसेल तर पुन्हा खरवडा.

अँटेना आणि अर्थ

१० ते १५ मीटर वायर, जमिनीपासून पाच-सहा मीटर उंच, दोन्ही टोकांना नायलॉनची दोरी बांधून ताणा. वायर भिंतीला, झाडाला किंवा पत्र्याला थेट टेकू नये. विजेच्या तारांच्या खाली, वर किंवा जवळून ती नेऊ नका. अँटेना तुटून पडली तरी तारांपर्यंत पोचणार नाही इतकं अंतर ठेवा. वळवाच्या दिवसांत आणि पावसाळ्यात अँटेना उतरवून ठेवा. ढग गडगडायला लागल्यावर तिला हात लावायला जाऊ नका.

अर्थसाठी एक मीटर लांबीचा जीआय पाइप किंवा तांब्याची सळई ओलसर जागी ठोका; मोरीच्या पाण्याची, केळीच्या आळ्याची जागा चांगली. घरातल्या प्लगची अर्थ पिन वापरू नका. जुन्या वायरिंगमध्ये त्या भोकात काय जोडलेलं असेल याचा भरवसा नसतो. नळाची लाइन जुनी लोखंडी असेल तर चालते, प्लास्टिकची असेल तर उपयोग नाही.

फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनी निराश होऊ नये, पण खोलीच्या आत अँटेना टाकून वेळही घालवू नये. काँक्रीटमधल्या सळयांमुळे लहर आत फारशी पोचतच नाही. खिडकीतून वायर बाहेर काढा, गच्चीपर्यंत नेता आली तर न्या. अर्थच्या जागी बाल्कनीचं लोखंडी ग्रिल जोडून पाहा, किंवा दहा मीटरची दुसरी वायर फरशीवर पसरा.

पहिला टप्पा जोडताना

कॉइल फळीवर उभी बसवा, आजूबाजूला पाच सेंटिमीटरपर्यंत लोखंड नको. पत्र्याच्या डब्यात सेट ठेवू नका.

१. कॉइलचं शून्य टोक अर्थला जोडा. सगळी ‘अर्थ’ जोडणी याच बिंदूवर येईल.

२. गँगची फिरणारी पाती, म्हणजेच त्याची बॉडी, अर्थला. स्थिर पाती कॉइलच्या वरच्या टोकाला. उलटं जोडलंत तर नॉबजवळ हात नेला की स्टेशन सरकतं. पीव्हीसी गँगमध्ये एएमचे दोन्ही बाजूचे पाय एकत्र करून कॉइलच्या वरच्या टोकाला आणि मधला पाय अर्थला.

३. अँटेनाची क्लिप २० च्या टॅपवर.

४. डायोडचं एक टोक क्लिपने ५० च्या टॅपवर. कुठलं टोक, याने इथे फरक पडत नाही. दुसऱ्या टोकापासून अर्थपर्यंत तीन गोष्टी समांतर: ४७० पिकोफॅरड, ४७ किलोओहम आणि इअरफोन. हा रेझिस्टर विसरू नका. क्रिस्टल इअरफोनमधून डीसी वाहत नाही. डायोडमागे साठलेल्या चार्जला वाट मिळाली नाही की आवाज चिरकतो किंवा बंदच होतो.

जर्मेनियम डायोड उष्णतेने खराब होतो. सोल्डर करताना काच आणि टोक यांच्या मधल्या पायाला पक्कड धरा आणि तीन सेकंदांत काम संपवा.

मोबाइलचा इअरफोन इथे थेट लावू नका. तो ३२ ओहमचा असतो आणि ट्यून झालेल्या सर्किटमधली सगळी ताकद शोषून घेतो. दुसरं काहीच नसेल तर २३०/६ व्होल्टचा छोटा ट्रान्सफॉर्मर उलटा वापरा: २३० ची बाजू डायोडकडे, ६ ची इअरफोनकडे. आवाज बारीक येईल, पण येईल. तो ट्रान्सफॉर्मर मुख्य विजेला मात्र कधीही जोडायचा नाही.

आता घरातले एलईडी दिवे, चार्जर, टीव्ही बंद करा, खोली शांत असू द्या आणि गँग अगदी हळू फिरवा. आवाज कुजबुजीइतकाच असतो. स्टेशन सापडलं की अँटेनाची क्लिप १० पासून ५० पर्यंत एकेक टॅपवर नेऊन पाहा, प्रत्येक वेळी गँग थोडा पुन्हा जुळवत. वरच्या टॅपवर आवाज वाढतो पण दोन स्टेशनं एकमेकांत मिसळतात. खालच्या टॅपवर वेगळी होतात पण आवाज उतरतो. डायोडच्या क्लिपचंही तसंच. तुमच्या जागेसाठी योग्य जोडी दहा मिनिटांत सापडते, आणि सर्किट कसं वागतं हे या दहा मिनिटांत जितकं कळतं तितकं नुसत्या आकृतीवरून कळत नाही.

गप्प राहिला तर

आधी इअरफोन तपासा: १.५ व्होल्टच्या सेलला त्याची टोकं लावताना ‘टक्’ असा आवाज आला पाहिजे. मग डायोड मल्टिमीटरने तपासा. मग कॉइलचे टॅप. मग गँग: पूर्ण फिरवताना कुठे पाती एकमेकांना टेकत नाहीत ना, हे कॉइलची तार सोडवून मल्टिमीटरच्या कंटिन्युइटीवर पाहा. टेकत असली तर वाकलेलं पातं ब्लेडच्या टोकाने सरळ करा.

गँग कुठेही फिरवला तरी एकच स्टेशन येत असेल तर अँटेना फार जोरात जोडली गेली आहे. १० च्या टॅपवर आणा. तरीही तसंच राहिलं तर अँटेनाच्या वायरीत ४७ पिकोफॅरडचा सिरॅमिक कंडेन्सर मालिकेत घाला. याउलट ५५८ किंवा ५८५ सारखं खालचं स्टेशन गँग पूर्ण मिटल्यावरही हाती लागत नसेल, तर ४७ पिकोफॅरड गँगला समांतर लावा. नुसती घरघर येत असेल तर अर्थ सुटली आहे. काही प्रक्षेपकांवर डीआरएम हे डिजिटल प्रसारणही चालतं. ते या सेटवर सलग फुसफुशीसारखं ऐकू येतं, तो तुमचा दोष नाही.

दुसरा टप्पा: दोन ट्रान्झिस्टर

इअरफोन काढून घ्या. ४७ किलोओहम आणि ४७० पिकोफॅरड तिथेच राहू द्या. बीसी ५४७ ची सपाट बाजू तुमच्याकडे आणि पाय खाली धरले तर डावीकडून कलेक्टर, बेस, एमिटर. सेल होल्डरचं ऋण टोक अर्थच्या बिंदूला. धन आणि ऋण यांच्यामध्ये १०० मायक्रोफॅरडचा एक कंडेन्सर, ध्रुव पाहून.

डायोडच्या बाहेरच्या टोकापासून ०.१ मायक्रोफॅरड पहिल्या ट्रान्झिस्टरच्या बेसला. त्याचा एमिटर अर्थला, कलेक्टर ४.७ किलोओहममधून धन टोकाला, आणि १ मेगाओहम त्याच्या कलेक्टर आणि बेसच्या मध्ये. दुसऱ्या ट्रान्झिस्टरचा बेस थेट पहिल्याच्या कलेक्टरला, त्याचा कलेक्टर धन टोकाला, एमिटर २२० ओहममधून अर्थला. या एमिटरला १०० मायक्रोफॅरडचं धन टोक, आणि ऋण टोकापासून अर्थपर्यंत इअरफोन. आता मोबाइलचा इअरफोन चालतो. प्लगच्या टोकाला आणि त्याच्या मागच्या कड्याला वायरी जोडल्या, सगळ्यांत मागचं कडं मोकळं सोडलं, की दोन्ही बाजू मालिकेत येऊन ६४ ओहम होतात आणि आवाज दोन्ही कानांत येतो.

इअरफोन कानात घालण्याआधी व्होल्टेज मोजा. पहिल्याचा कलेक्टर १.२ ते १.९ व्होल्ट, दुसऱ्याचा एमिटर त्याहून साधारण ०.६५ ने कमी. कलेक्टरवर जवळजवळ पूर्ण ३ व्होल्ट दिसले तर १ मेगाओहमचा टाका सुटला आहे किंवा पाय उलटे लागले आहेत. ०.६५ च्या आसपास अडकलं तर कलेक्टर आणि बेस कुठेतरी एकमेकांना टेकले आहेत, किंवा मेगाओहमच्या जागी लहान रेझिस्टर बसला आहे. रंग पुन्हा वाचा: १ मेगाओहम म्हणजे तपकिरी, काळा, हिरवा, ४.७ किलोओहम पिवळा, जांभळा, लाल. ४७ किलोओहम पिवळा, जांभळा, नारिंगी. शेवटच्या दोघांची अदलाबदल फार होते, कारण पिवळ्या दिव्याखाली लाल आणि नारिंगी सारखेच दिसतात. संशय आला तर मल्टिमीटरने मोजूनच लावा.

व्होल्टेज बरोबर आहेत पण शिट्टी किंवा ‘भटभट’ येते, तर सेल उतरले आहेत किंवा सेलवरचा १०० मायक्रोफॅरड नीट जोडलेला नाही. एमिटरपासून इअरफोनकडे जाणाऱ्या वायरी कॉइलपासून दूर ठेवा. पूर्ण सेट साधारण पाच मिलिअँपिअर घेतो, त्यामुळे पेन्सिल सेल बरेच दिवस पुरतात. तरी एक स्विच लावाच.

स्पीकर हवा असेल तर इअरफोनच्या जागी १० किलोओहमचा व्हॉल्यूम कंट्रोल आणि पुढे एलएम ३८६ या आवाज वाढवणाऱ्या आयसीचं तयार मॉड्यूल लावता येतं. त्याला वेगळी ९ व्होल्टची बॅटरी द्या, कारण एकाच पुरवठ्यावर दोन्ही चालवले की शिट्टी बसते. दोन्ही बॅटऱ्यांची ऋण टोकं मात्र एकत्र जोडावी लागतात.

शेवटचं काम डायलचं. गँगच्या नॉबमागे पांढरा पुठ्ठा चिकटवा, शेजारी तो मागून आणलेला रेडिओ ठेवा, आणि एकेक स्टेशन दोन्हीकडे जुळवून पेन्सिलने किलोहर्ट्झचा आकडा लिहा. सूर्य मावळल्यावर तासाभराने पुन्हा फिरवा. दुपारी रिकाम्या असलेल्या जागांवर परराज्यातली स्टेशनं उमटू लागतात. त्यांच्या खुणा वेगळ्या रंगाने करा, म्हणजे दुसऱ्या दिवशी दुपारी ती आली नाहीत तर सेट बिघडला असं वाटणार नाही.